भरीत-पुरीच्या कार्यक्रमाला ‘पब्लिक लायबिलिटी’ विमा: कागदावर काय लिहून घ्यायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. सातपुड्याच्या पायथ्याशी तुमचा ट्रस्ट आदिवासी मुलींचं वसतिगृह चालवतो. दोन नवीन खोल्यांसाठी निधी जमवायला तुम्ही जानेवारीत चोपड्याला भरीत-पुरीचा कार्यक्रम ठेवला आहे. ताटामागे दोनशे रुपये देणगी, अंदाजे तीन हजार माणसं, संध्याकाळी गाणी, लहान मुलांसाठी हवा भरलेली जंपिंगची गादी. मैदान एका शिक्षणसंस्थेचं आहे. त्यांनी ५० लाखांची ‘पब्लिक लायबिलिटी’ पॉलिसी मागितली आहे आणि सोबत सहीसाठी एक हमीपत्रही दिलं आहे. एक एजंट म्हणतो, हा विमा फक्त कारखान्यांना लागतो. दुसऱ्याने तुम्हाला स्वयंसेवकांच्या अपघात विम्याचं कोटेशन दिलं. मग नेमकं घ्यायचं काय?

मी जळगावात बसून बावीस वर्षं सर्वसाधारण विम्याचं काम करतो. यात्रा, सप्ताह, शिबिरं, संमेलनं यांच्या पॉलिसी काढून दिल्या आहेत. त्यातल्या काहींचे दावेही शेवटपर्यंत चालवले आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या एजंटाचं म्हणणं कुठून आलं ते सांगतो. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाली आणि त्यानंतर १९९१ साली ‘पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स’ नावाचा कायदा आला. धोकादायक रसायनं हाताळणाऱ्या मालकांना त्यात विमा सक्तीचा केला आहे. नाव तेच असल्यामुळे पुष्कळ एजंटांना वाटतं की विषय एवढाच आहे. पण त्या सक्तीच्या पॉलिसीखेरीज एक ऐच्छिक पॉलिसी आहे, औद्योगिक आणि बिगर-औद्योगिक अशा दोन्ही जागांसाठी. हॉटेल, शाळा, क्लब, प्रदर्शन आणि तुमच्यासारखा कार्यक्रम हे सगळं त्या बिगर-औद्योगिक भागात बसतं. काही कंपन्या तीच गोष्ट ‘इव्हेंट इन्शुरन्स’च्या पॅकेजमध्ये एक विभाग म्हणून देतात. तुम्हाला यातलंच काहीतरी हवं आहे.

दुसऱ्या एजंटाने दिलेलं कोटेशन चुकीचं नाही, पण ते वेगळ्या गोष्टीचं आहे. अपघात विम्यात चूक कुणाची हे कुणी विचारत नाही. नाव यादीत आहे, अपघात झाला, तर ठरलेली रक्कम मिळते. दहीहंडीच्या गोविंदांसाठी राज्य सरकार जो विमा काढतं तो याच जातीचा. मुंबईतल्या जीएसबी सेवा मंडळाच्या गणपतीचा २०२२ साली ३१६.४० कोटींचा विमा काढल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. त्यातला मोठा हिस्सा सेवेकऱ्यांच्या वैयक्तिक अपघात विम्याचा होता, नंतर सोन्याचांदीचा. बाहेरच्या लोकांप्रती असलेल्या कायदेशीर जबाबदारीसाठी, म्हणजे पब्लिक लायबिलिटीसाठी, त्यात २० कोटी होते. मैदानवाले तुमच्याकडे मागताहेत ते या तिसऱ्या प्रकारचं. त्यात कंपनी पैसे कधी देते? तुमच्या निष्काळजीपणामुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली, मृत्यू आला किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, आणि त्याची भरपाई करणं कायद्याने तुमच्यावर आलं तर. कोर्टात लढायचा खर्चही त्यात येतो, पण बहुतेक पॉलिसींत तो त्याच मर्यादेतून जातो, हे लक्षात असू द्या.

‘आपण धर्माचं काम करतोय, आपल्यावर कोण केस करणार’ हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. मनापासून सांगतो, कायदा हेतू बघत नाही. १० एप्रिल २००६ रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कात ग्राहक प्रदर्शनाच्या मंडपाला आग लागली आणि ६५ माणसं गेली. आयोजकांचं म्हणणं होतं की मंडप, वीज, सगळं आम्ही ठेकेदाराला दिलं होतं, जबाबदारी त्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ते मान्य केलं नाही. भरपाईचा ६० टक्के भार आयोजकांवर आणि ४० टक्के राज्य सरकारवर टाकला. ती व्यापारी संस्था होती असं कुणी म्हणेल. पण डिसेंबर १९९५ मध्ये हरियाणातल्या डबवालीत मंडपाला आग लागून चारशेच्या वर माणसं, बहुतेक मुलं, जळून गेली. तो कार्यक्रम शाळेच्या स्नेहसंमेलनाचा होता. तिथेही भरपाईत शाळा चालवणाऱ्या संस्थेला मोठा वाटा उचलावा लागला. तेव्हा ‘मंडपवाल्याचा प्रश्न आहे’ हे उत्तर तुमच्याही कामाला येणार नाही. एखादं मंडळ नोंदणीकृत नसेल तर अडचण आणखी मोठी असते. कायद्याच्या नजरेत मंडळ नावाची व्यक्तीच नसते, म्हणून नोटीस थेट समितीतल्या माणसांच्या घरी जाते. तुमचा ट्रस्ट नोंदलेला आहे, हे बरं आहे. तरी विश्वस्तांनी हयगय केली असं कुणी म्हटलं तर त्यांनाही पक्षकार करतातच.

रक्कम किती असावी? मैदानवाल्यांनी ५० लाख सांगितले म्हणून ५० लाख घेऊ नका. हिशेब करून बघू. मेरठच्या प्रकरणात न्यायालयाने भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या तत्त्वांवर काढायला सांगितली होती, म्हणून तोच हिशेब मी घेतो. समजा तुमच्याकडे जेवायला आलेला ३२ वर्षांचा, महिन्याला २०,००० रुपये कमावणारा एक दुकानदार दगावला. घरात बायको, दोन मुलं, आई, म्हणजे चार जण त्याच्यावर अवलंबून. वर्षाची कमाई २,४०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे. झाले ३,३६,०००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा. उरले २,५२,०००. ३१ ते ३५ वयाला गुणक, म्हणजे किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा, १६. गुणाकार होतो ४०,३२,०००. त्यावर अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा आणि व्याज. हा एका माणसाचा हिशेब झाला. आगीत किंवा चेंगराचेंगरीत माणूस एकटा सापडत नाही. म्हणून तीन हजार माणसं आणि उघडा जाळ असेल तिथे मी एक कोटीच्या खाली सुचवत नाही, जमलं तर दोन. पॉलिसीत दोन आकडे असतात, एका अपघातासाठीची मर्यादा आणि पूर्ण मुदतीसाठीची मर्यादा. एका दिवसाच्या कार्यक्रमाला दोन्ही सारखे ठेवले तरी चालतं. एका अपघाताचा आकडा मात्र लहान राहू देऊ नका. कोटेशन घेताना एक्सेस किती, हेही विचारा. म्हणजे प्रत्येक दाव्यातली पहिली किती रक्कम तुम्ही स्वतः सोसायची ते कळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच लोक फसतात. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, जे काम लिहिलेलं नाही, ते विम्यात नसतं.

दहाएक वर्षांपूर्वी पारोळ्याकडच्या एका गावात सप्ताहाची सांगता होती. शेवटच्या दिवशी वरण-बट्टीचा महाप्रसाद. पंगती मंदिरासमोरच्या रस्त्यापलीकडे, एकाच्या रिकाम्या शेतात बसवल्या होत्या. वाढणाऱ्या पोराच्या हातातली उकळत्या वरणाची बादली निसटली आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या मांड्यांवर सांडली. ती बावीस दिवस दवाखान्यात होती. मंडळाची पॉलिसी होती. त्यांच्या एजंटाने हात वर केल्यावर कागदपत्रं माझ्याकडे आली. पॉलिसीवर एवढंच लिहिलेलं होतं: ‘कीर्तन व प्रवचन, मंदिराचे आवार’. जेवणाचा उल्लेख नाही, शेताचा नाही. कंपनीने दावा नाकारला. मी सहा पत्रं लिहिली, काही झालं नाही. त्या समितीतल्या अकरा जणांनी वर्गणी काढून पैसे भरले, त्यात एकाने दुभती म्हैस विकली. फॉर्मवर ‘महाप्रसाद, अंदाजे दीड हजार माणसं, शेजारचे शेत’ एवढं लिहायला एक मिनिट लागलं असतं. हप्ता थोडा वाढला असता, इतकंच. त्या मुलीच्या बापाचा चेहरा मला अजून दिसतो, आणि म्हैस विकणाऱ्या त्या आबांचाही. दोघांचीही काही चूक नव्हती.

म्हणून फॉर्म ऑफिसात बसून भरू नका. मैदानावर जा, दारातून आत शिरा आणि मागच्या चुलीपर्यंत चालत जा. दिसेल ते लिहून घ्या. तुमच्या कार्यक्रमाचं मी माझ्या मनाने तसंच करून बघतो.

गाड्या कुठे लागणार? बाहेरच्या रस्त्यावर की मैदानाच्या कोपऱ्यात? पार्किंगची जागा वेगळी असेल तर तिचा गट नंबर किंवा वर्णन पॉलिसीत यायला हवं. गावातून प्रचारफेरी काढणार असाल, ट्रॅक्टर-ट्रॉलीत मुली बसवून, तर ते करू नका असंच सांगेन. वाहनाने होणारं नुकसान पब्लिक लायबिलिटीत येत नाही, ते वाहनाच्या विम्याकडे जातं. शेतीच्या कामासाठी विमा काढलेल्या ट्रॉलीत माणसं बसवली की तिकडेही वाद उभा राहतो. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारातले नाचणारे घोडे मिरवणुकीला आणायची हौस आहे. पाहुण्यांच्या स्वागताला घोडा आणणार असाल तर तेही सांगा. जनावरामुळे झालेली इजा काही पॉलिसींत वगळलेली असते.

मंडप. जानेवारीत अवकाळीची शक्यता कमी असली तरी आपल्याकडे वारा सांगून येत नाही, केळीवाल्यांना विचारा. वादळ, पूर, भूकंप अशा नैसर्गिक कारणांनी ओढवलेली जबाबदारी मूळ पॉलिसीत बहुधा नसते, ती थोडा हप्ता वाढवून जोडून घ्यावी लागते. जोडून घ्या. मंडपवाल्याकडून वायरमनच्या परवान्याची प्रत घ्या, तात्पुरती वीजजोडणी रीतसर घ्या आणि गळती झाली की खटकन बंद होणारं स्वीच लावलंय का ते स्वतः बघा. तात्पुरत्या मंडपांच्या आगीपासून बचावासाठी आयएस ८७५८ हे भारतीय मानक आहे. मंडपवाल्याच्या कानावर तो नंबर घाला. दावा आल्यावर सर्वेअर, म्हणजे कंपनीने तपासणीला पाठवलेला माणूस, हेच बघतो की साधी खबरदारी घेतली होती की नाही.

आता भरिताकडे येतो, कारण तुमच्या कार्यक्रमाचा जीव तिथेच आहे आणि धोकाही तिथेच. तीन हजार ताटांना किती वांगी लागतील याचा अंदाज तुमच्या आचाऱ्याला असेलच. बामणोदची हिरवी, फिकट रेषांची वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची म्हणजे काड्यांचा ढीग माणसापेक्षा उंच होतो. मी असे जाळ जवळून बघितले आहेत. काडी वाळलेली असली की तिला एकदम झळ लागते, ठिणगी हलकी असते, वाऱ्यावर पन्नास फूट सहज जाते. एका कार्यक्रमात मी सकाळी पोहोचलो तेव्हा भट्टी मंडपाच्या पश्चिमेला, कापडी पडद्यापासून वीस पावलांवर मांडली होती, आणि काड्यांचा पूर्ण साठा भट्टीला टेकूनच. वारा पश्चिमेचाच होता. आयोजकांना म्हटलं, साठा पलीकडच्या बांधाजवळ न्या आणि एका वेळी दोन भारे एवढंच इकडे आणा. कुरकुर झाली, पण नेलं. तुम्ही हे आधीच ठरवा. वारा कुठून येतो ते बघून भट्टी उलट्या बाजूला घ्या, पाण्याचा टँकर भट्टीजवळ उभा ठेवा, प्रेक्षकांना दोरीच्या बाहेर ठेवा. फॉर्मवर मात्र स्पष्ट लिहा: ‘उघड्या जाळावर वांगी भाजणे, तेलाच्या कढया, गॅस सिलिंडर अमुक इतके’. हे वाचून कंपनी अटी घालेल, कदाचित जास्त हप्ता मागेल. मागू दे. हेच लपवलं तर पुढे पॉलिसीचा उपयोग नाही.

अन्नातून विषबाधा हा वेगळा मुद्दा आहे. खाण्यापिण्यातून झालेली इजा बिगर-औद्योगिक पॉलिसीत आपोआप येत नाही, ती विस्तार म्हणून जोडावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला, सप्ताहातल्या भगरीच्या प्रसादाने शेकडो लोक आजारी पडले. रस्त्यावर दोऱ्या बांधून सलाइन लावावी लागली, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. अन्नसुरक्षा कायदा २००६ मध्ये नफ्यासाठी असो वा नसो, दोन्ही प्रकारचे उपक्रम ‘अन्न व्यवसाय’ या व्याख्येत धरले आहेत. त्याच कायद्याच्या कलम ६५ नुसार अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेला १ लाखापर्यंत भरपाई देववता येते. तीन हजार माणसांतली तीनशे आजारी पडली तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा. आचाऱ्याची नोंदणी बघा. पाणी कुठलं आहे ते बघा. प्रत्येक पदार्थाचा नमुना झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवा. वांगी सकाळी भाजून रात्री वाढणार असाल तर मधले तास ती कशात ठेवणार, हे आचाऱ्याला विचारा.

जंपिंगची गादी भाड्याने आणणार आहात. तिच्या मालकाकडे स्वतःची पॉलिसी बहुधा नसेल. गादी खुंट्यांनी पक्की बांधलेली हवी आणि एका वेळी किती मुलं, हे मोजणारा मोठा माणूस तिथे हवा. फॉर्मवर तिची वेगळी ओळ करा. एखादी कंपनी ती वगळू म्हणाली, तर गादी आणू नका. मुलं चिंचेखाली लगोरी खेळतील.

वसतिगृहाच्या मुली वाढायला असणार. त्या ‘बाहेरच्या’ धरायच्या की ‘तुमच्या’? हा प्रश्न पॉलिसीपरत्वे वेगळा सुटतो, म्हणून कंपनीकडून लेखी घ्या की स्वयंसेवक ‘तिसरा पक्ष’, म्हणजे बाहेरची माणसं, मानले जातील. त्याशिवाय त्या मुलींसाठी आणि इतर कार्यकर्त्यांसाठी गट अपघात विमा घ्याच, तो दुसऱ्या एजंटाकडचा. तो फार महाग नसतो आणि पैसे लवकर मिळतात. मजुरीवर आणलेले आचारी आणि वाढपी मात्र कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली येऊ शकतात. पब्लिक लायबिलिटीत ते वगळलेले असतात, त्यांची वेगळी पॉलिसी आचाऱ्याने काढली आहे का, विचारा. सोबत डोळे तपासणी किंवा रक्तदान ठेवणार असाल, तर डॉक्टरांच्या हातून झालेली चूक या विम्यात येत नाही, त्यासाठी त्यांचा स्वतःचा व्यावसायिक विमा लागतो. आणि कार्यक्रम कधी उन्हाळ्यात ढकललात तर विमा बाजूला ठेवून आधी सावलीचा विचार करा. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला उन्हात बसलेल्या १४ जणांचा जीव गेला, आणि भुसावळ-जळगावचं ऊन खारघरपेक्षा कितीतरी जास्त आहे.

मैदानवाल्यांचं हमीपत्र तुम्ही मला पाठवलं ते बरं केलं. त्यातलं सातवं कलम म्हणतं की मैदानावर ‘कोणत्याही कारणाने’ झालेलं ‘कोणतंही’ नुकसान ट्रस्ट भरून देईल. कायद्याने तुमच्यावर जेवढी जबाबदारी येते, त्याच्यापेक्षा ही कितीतरी मोठी आहे. करार करून जास्तीची जबाबदारी अंगावर घेतली, तर ती विमा कंपनी उचलत नाही, तसं पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं. उद्या त्यांच्याच जुन्या भिंतीचा भाग पडून कुणी जखमी झालं, तर या कलमाने पैसे तुम्ही द्यायचे आणि विम्यातून काही मिळायचं नाही. ते कलम ‘ट्रस्टच्या किंवा तिच्या माणसांच्या निष्काळजीपणामुळे’ असं बदलून घ्या. समजावून सांगितलं तर संस्थेचे सेक्रेटरी ऐकतील, त्यांनाही वाद नकोच असतो. त्याऐवजी त्यांचं नाव पॉलिसीत जोडून द्या, म्हणजे त्यांच्यावर दावा आला तरी संरक्षण राहील. आणखी एक. त्यांचं मैदान, बाकं, पाण्याच्या टाक्या तुमच्या ताब्यात असतील, आणि ताब्यातल्या वस्तूंचं नुकसान या पॉलिसीत सहसा येत नाही. भट्टीने गवत जळालं किंवा बाकं मोडली, तर ते तुमच्या खिशातून जाईल. अनामत म्हणून थोडे पैसे बाजूला ठेवा.

पॉलिसीवर नाव ट्रस्टच्या नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसंच हवं, मात्रेचाही फरक नको. अध्यक्षांच्या नावाने काढलेली पॉलिसी मी पाहिली आहे, तिचा ट्रस्टला काही उपयोग झाला नाही. विश्वस्तांच्या सभेत ठराव करा. मुदत कार्यक्रमाच्या दिवसाची न घेता मंडपाचा पहिला बांबू उभा राहतो तिथपासून शेवटचा बांबू ट्रकमध्ये चढेपर्यंतची घ्या. रात्री बाराला थकलेली माणसं मंडप सोडवत असतात, अपघात तेव्हाच जास्त होतात.

पैशांबाबत एक कडक नियम आहे. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे हप्ता हातात पडल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. कोटेशनचा कागद म्हणजे पॉलिसी नव्हे. कार्यक्रम रविवारचा असेल आणि शुक्रवारी संध्याकाळी एजंटाच्या हातात चेक देऊन तुम्ही निर्धास्त झालात, तर ते संरक्षण असेलच असं नाही. ऑनलाइन थेट कंपनीच्या खात्यात भरा आणि पॉलिसी नंबर हातात घेऊनच मंडपवाल्याला बयाणा द्या.

आता काही झालंच तर काय करायचं, ते सांगतो.

धुळ्यात रुग्णांच्या मदतीसाठी एक धावण्याची स्पर्धा होती, पॉलिसी मी काढून दिली होती. सकाळी सातला वाऱ्याने स्वागत कमान कलली आणि रस्त्याने जाणाऱ्या स्कूटीवरच्या बाईंच्या पायावर पडली. नडगी मोडली. अध्यक्ष भला माणूस. त्यांनी अर्ध्या तासात व्हॉट्सअॅपवर टाकलं: ‘आमची चूक झाली, बाईंचा आयुष्यभराचा सगळा खर्च मंडळ करेल.’ पॉलिसीत अट असते की कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, रक्कम ठरवायची नाही. कंपनीने तोच मेसेज पुढे केला. सात महिने गेले. मंडपवाल्याचं बिल, सकाळी साडेसहाचे कमानीचे फोटो, दोन साक्षीदारांचे जबाब, सगळं जमवून शेवटी तो मेसेज म्हणजे हिशेबाची कबुली नव्हती, माणुसकीचा शब्द होता, हे पटवून दिलं. दवाखान्याचं बिल आणि बुडालेल्या पगाराची भरपाई बाईंना मिळाली. पण ते सात महिने त्या कुटुंबाने कसे काढले, हे मी त्यांच्या ओट्यावर बसून ऐकलं आहे.

म्हणून ताई, कुणी जखमी झालं तर आधी धावा. अँब्युलन्स बोलवा, दवाखान्यात पहिल्या उपचाराचे पैसे भरा, रात्री तिथे थांबा, घरच्यांना जेवण न्या. यासाठी कुणालाही विचारायची गरज नाही आणि कुठलीही पॉलिसी तुम्हाला अडवत नाही. फक्त ‘चूक आमची’ आणि ‘इतके देऊ’ हे लिहू नका, माईकवर बोलू नका. ‘आम्ही तुमच्यासोबत आहोत, विमा कंपनीला लगेच कळवतोय’ एवढं बोला आणि त्याच दिवशी ईमेलने कळवाही. पोलिसांना जबाब देताना घडलं तेवढंच सांगा. मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदू शकतो. त्यातला दंड किंवा शिक्षा विम्यात येत नाही, वकील मात्र लगेच लागतो.

कळवण्याचा मुद्दा अजून एका कारणाने महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लायबिलिटी पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ पद्धतीच्या असतात, म्हणजे दावा मुदतीच्या आत कंपनीपर्यंत पोहोचला पाहिजे. तुमची मुदत चार दिवसांची. आणि घातक अपघात कायदा १८५५ खाली वारसांना दावा लावायला मृत्यूपासून दोन वर्षं असतात. नोटीस दीड वर्षांनी आली तर? म्हणून पॉलिसी घेतानाच विचारा की घटना मुदतीत घडली आणि मुदतीतच कळवली, तर नंतर आलेला दावा धरला जाईल ना, आणि किती काळापर्यंत. ते कलम मला दाखवा. किरकोळ वाटणारी घटनाही, कुणी घसरून पडला आणि उठून निघून गेला तरी, वेळ, नाव आणि फोटोसह वहीत लिहा आणि मुदत संपायच्या आत कंपनीला पाठवून द्या.

हप्त्याचा आकडा मी इथे लिहीत नाही, कारण माणसं, जाळ, अन्नाचा विस्तार आणि रक्कम यांवर तो खूप हलतो. वर १८ टक्के जीएसटी लागतो. एवढं सांगतो की माझ्या हातून गेलेल्या अशा एका दिवसाच्या पॉलिसींचा हप्ता मंडपवाल्याच्या बिलापेक्षा नेहमीच पुष्कळ कमी होता. चार सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांपैकी किमान दोन आणि एखादी खासगी, अशा तिघांकडे एकच लेखी वर्णन पाठवा, म्हणजे तुलना खरी होईल. शाखेत हे काम रोजचं नसतं, फाइल वरच्या ऑफिसला जाते, तिकडून प्रश्न येतात. तीन आठवडे हातात ठेवा. तुमचा कार्यक्रम जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आहे, तेव्हा डिसेंबरच्या मध्यापर्यंत फॉर्म गेलेला हवा.

त्याआधी मैदानावर एक चक्कर मारा, आचाऱ्याला आणि मंडपवाल्याला सोबत घेऊन. मला त्या आठवड्यात चोपड्याकडे यायचंच आहे. कळवलंत तर मीही येतो, भट्टीची जागा मिळून ठरवू. तोवर त्या हमीपत्रावर सही करू नका.